वाहक कोणाच्या मालकीचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



जनुकोपचारासाठी विषाणूंपासून वाहक घडविण्याच्या शास्त्रावर समाजवादी कार्यकर्त्यांच्या वर्गात बोलले जावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. महागाई, दुष्काळ, कंत्राटी कामगारांची पिळवणूक, वनजमिनींचे पडून राहिलेले दावे असे प्रश्न दारात उभे असताना हा विषय प्रयोगशाळेतील विद्वानांकडे सोपवावा, असे म्हणणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्रमाग, संकरित बियाणे, संगणक ह्यांचा इतिहास आठवून पाहा. प्रत्येक वेळी ही वस्तू तज्ज्ञांच्या कक्षेतील मानली गेली, तिच्या मालकीचा निर्णय बंद दाराआड झाला, आणि मोर्चे निघाले ते त्यानंतर. जनुकोपचाराच्या बाबतीत हा निर्णय आज होत आहे. म्हणून ह्या विषयाची तोंडओळख करून घेणे हे राजकीय कार्यकर्त्याचे काम आहे, असे मी मानतो.

शास्त्र थोडक्यात

आपल्या देहातील पेशींत जनुकांचा संच असतो. कोणते प्रथिन तयार करावयाचे ह्याची आज्ञा त्या जनुकांत लिहिलेली असते. जन्मतःच एखाद्या जनुकात बिघाड असेल, तर ते प्रथिन तयार होत नाही किंवा सदोष तयार होते. हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही ते ह्यामुळे. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याप्रमाणे वाकतात, त्याला तर जनुकातील एका अक्षराचा फरक कारणीभूत असतो. नेहमीची औषधे ह्या बिघाडाचे परिणाम सौम्य करतात. मूळ बिघाड तसाच राहतो. निर्दोष जनुकच पेशीत नेऊन ठेवता आले तर? जनुकोपचाराचा मूळ विचार तो हाच.

अडचण आहे ती पोहोचविण्याची. उघडे जनुक रक्तात सोडले तर ते क्षणार्धात नष्ट होते, आणि पेशीचे आवरण त्याला आत घेत नाही. पेशीत शिरण्याची ही विद्या विषाणूला मात्र उत्तम साधलेली आहे. विषाणू म्हणजे प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेली जनुकांची पुरचुंडी. पेशीच्या पृष्ठभागावर नेमके कोठे चिकटावे आणि आत शिरून पुरचुंडी कशी सोडावी, हे त्याला निसर्गाने शिकविले आहे. शास्त्रज्ञांनी विषाणूची स्वतःची, त्याची संख्या वाढविणारी जनुके काढून टाकली आणि त्या जागी माणसाचे निर्दोष जनुक भरले. कवच विषाणूचे, आतील माल माणसाचा. अशा विषाणूला वाहक म्हणतात.

आज प्रामुख्याने दोन प्रकारचे वाहक वापरात आहेत. पहिला अ‍ॅडिनो-असोसिएटेड विषाणू. त्याला संक्षेपाने एएव्ही म्हणतात. १९६५ साली अमेरिकेत दुसऱ्याच एका विषाणूच्या नमुन्यात निव्वळ भेसळ म्हणून तो आढळला. त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे चाळीस हजाराव्या हिश्श्याइतका, आणि त्यात मावणारा माल जेमतेम ४,७०० अक्षरांचा. तो थेट शरीरात टोचता येतो. दुसरा लेंटिव्हायरस, एड्सच्या विषाणूपासून निरुपद्रवी करून घडविलेला. तो आपला माल पेशीच्या गुणसूत्रातच शिवून टाकतो. म्हणून रुग्णाच्या रक्तपेशी किंवा अस्थिमज्जेतील मूलपेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत त्यांच्यावर हा वाहक वापरून, त्या पुन्हा शरीरात सोडण्याची पद्धत रूढ झाली आहे.

दोन धडे

ह्या शास्त्राची वाटचाल निर्विघ्न झालेली नाही. १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका चाचणीत जेसी गेल्सिंगर ह्या १८ वर्षांच्या तरुणाला अ‍ॅडिनोविषाणूचा वाहक यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून देण्यात आला, आणि चार दिवसांत तो मरण पावला. त्याचा आजार आहार आणि औषधे ह्यांनी आटोक्यात होता. इतरांना उपयोग व्हावा ह्या भावनेने तो चाचणीत सामील झाला होता. पुढे चौकशीत संमतीच्या प्रक्रियेतील त्रुटी उघड झाल्या. चाचणीच्या प्रमुख संशोधकाने एक कंपनी स्थापन केलेली होती आणि ह्या संशोधनाच्या यशात तिचा आर्थिक हितसंबंध होता, हेही जगासमोर आले.

दुसरा धडा पॅरिसचा. तेथील नेकर रुग्णालयात प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या बालकांवर केलेल्या उपचाराचे यश २००० साली प्रसिद्ध झाले. बंदिस्त, निर्जंतुक खोलीत जगणारी मुले घरी जाऊ लागली. परंतु २००२ पासून त्यांतील काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे आढळले. त्या वेळच्या वाहकाने आपला माल नेमका कर्करोगाशी संबंधित जनुकाच्या शेजारी शिवला होता.

ह्या दोन घटनांमुळे हे शास्त्र कित्येक वर्षे मागे रेटले गेले. पण त्यांतूनच पुढचा प्रश्न स्पष्ट झाला. वाहक पेशीत शिरतो एवढे पुरेसे नाही. तो योग्य पेशीतच शिरला पाहिजे, योग्य ठिकाणीच कार्यरत झाला पाहिजे आणि शक्य तितक्या कमी मात्रेत दिला गेला पाहिजे. लक्ष्यवेधी वाहक घडविण्याचे आजचे संशोधन म्हणजे ह्याच प्रश्नाचे उत्तर शोधणे होय.

लक्ष्य साधण्याचे अर्थकारण

हे लक्ष्य तीन मार्गांनी साधले जाते. एक, वाहक थेट त्या अवयवात टोचणे. डोळ्याच्या पडद्यामागे देण्याचे औषध २०१७ साली अमेरिकेत मान्य झाले ते असे. दोन, मालासोबत असा कळसूत्री तुकडा जोडणे की जनुक विशिष्ट पेशीतच जागे व्हावे. तीन, कवचच बदलणे. ह्या तिसऱ्या मार्गात कवचाच्या जनुकात लाखो निरनिराळे फेरफार करून लाखो प्रकारचे वाहक तयार करतात, ते सर्व एकत्र प्राण्याला टोचतात, आणि ज्या अवयवात पोहोचावयाचे त्या अवयवातून, तेथवर पोहोचलेले प्रकार तेवढे वेचून काढतात. त्यांतून पुन्हा नवी निवड. शेतकरी जसे पिढ्यान्‌पिढ्या बियाणे निवडीत आला, त्यासारखेच हे काम आहे. फक्त ते परीक्षानळीत आणि फार वेगाने चालते.

ह्या निवडीतील एक अनुभव उद्बोधक आहे. २०१६ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उंदराच्या रक्तातून मेंदूत विलक्षण सहजतेने शिरणारा वाहक निवडून काढला. मोठ्या आशा पल्लवित झाल्या. पुढे असे आढळले की उंदरांच्याच काही अन्य वाणांत तो चालत नाही, आणि माकडांतही नाही. कारण तो ज्या प्रथिनाला धरून मेंदूत शिरतो ते प्रथिन त्यांच्यात त्या रूपात नसते. एका वाणावरचे यश दुसऱ्या वाणावर गृहीत धरता येत नाही, हा त्यातील बोध. माणसांबाबतही सावधगिरी हवी. अनेकांच्या रक्तात नैसर्गिक एएव्हीविरुद्धची प्रतिद्रव्ये आधीच असतात, आणि अशांवर तो वाहक निष्प्रभ ठरतो. म्हणून आपल्या लोकांतील प्रतिद्रव्यांचे मोजमाप आपणच केले पाहिजे. परदेशातून पेटीबंद आलेल्या औषधासोबत ते ज्ञान येणार नाही.

लक्ष्य साधण्याचा मात्रेशी कसा संबंध आहे, तेही पाहा. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी ह्या रोगात तान्ह्या मुलांचे स्नायू झडत जातात. त्याच्या तीव्र प्रकारात उपचाराविना बहुतेक मुले दोन वर्षांच्या आतच दगावतात किंवा श्वासासाठी यंत्रावर अवलंबून राहतात. त्यावरील झोल्जेन्स्मा हे एएव्हीवर आधारलेले औषध किलोमागे १ लाख १० हजार अब्ज कण इतक्या मात्रेत शिरेतून द्यावे लागते. लक्ष्य असते मज्जारज्जूतील चेतापेशी, पण फार मोठा हिस्सा यकृतात जाऊन पडतो. यकृताची हानी हा त्याचा ज्ञात धोका आहे, आणि यकृत निकामी होऊन दोन मुले दगावल्याचे २०२२ साली कंपनीनेच जाहीर केले. वाहक लक्ष्यावर अचूक गेला, तर मात्रा घटेल. मात्रा घटली, तर धोका कमी होईल आणि उत्पादनाचा खर्चही कमी होईल. अर्थात किंमत त्याबरोबर उतरेल की नाही, हे शास्त्र ठरवीत नाही. ते मालकी ठरविते.

पैसा कोणाचा, मालकी कोणाची?

झोल्जेन्स्माचीच कुळकथा घ्या. त्याच्या पायाभूत संशोधनाचा मोठा भाग ओहायो राज्यातील कोलंबस येथील मुलांच्या रुग्णालयात झाला. त्यामागे अमेरिकन करदात्यांचा पैसा आणि रुग्णांच्या कुटुंबांनी जमविलेल्या देणग्या होत्या. एक महत्त्वाचे पेटंट फ्रान्समधील जेनेथॉन ह्या प्रयोगशाळेचे. ती प्रयोगशाळा दूरचित्रवाणीवरून जमविलेल्या लोकवर्गणीवर उभी राहिलेली. १५ बालकांवरील चाचणीचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. २० महिन्यांच्या वयाला सर्व बालके जिवंत होती. शास्त्राच्या दृष्टीने हा खरोखरच विजय होता, आणि त्याला मी मनापासून वंदन करतो. त्यानंतर २०१८ साली नोव्हार्टिस कंपनीने ह्या औषधाची मालक असलेली छोटी कंपनी ८७० कोटी डॉलरना विकत घेतली. २०१९ साली औषध मान्य झाले आणि एका मात्रेची किंमत ठरली २१ लाख २५ हजार डॉलर. लोकांनी बियाणे दिले, लोकांनी पाणी घातले, आणि कापणीच्या दिवशी शेताला कुंपण पडले.

ह्या किमतीचे समर्थन असे केले जाते की आयुष्यभराच्या उपचाराचा खर्च वाचतो, तेव्हा एकदाच घेतलेली किंमत वाजवीच आहे. हा युक्तिवाद नीट तपासा. त्यात उत्पादनखर्चाचा उल्लेखच नाही. मुलाच्या प्राणाचे मोल काय, असे आईबापांना विचारून येणाऱ्या उत्तरावर किंमत बसविलेली आहे. डॉ. लोहियांनी 'दाम बांधो' म्हणून सांगितले की कारखान्यातील वस्तूची किंमत तिच्या उत्पादनखर्चाच्या दीडपटीच्या वर जाता कामा नये. प्रमाण किती असावे ह्यावर वाद घालता येईल. पण किमतीचा आधार खर्च असावा, ग्राहकाची अगतिकता नसावी, हे तत्त्व औषधाइतके दुसऱ्या कोणत्याही वस्तूला लागू पडत नाही.

बरे, ही व्यवस्था स्वतःच्या कसोटीवर तरी उतरते काय? युरोपात २०१२ साली मान्य झालेले ग्लायबेरा हे पाश्चात्त्य जगातील पहिले जनुकोपचाराचे औषध. किंमत सुमारे १० लाख युरो. विकत घेऊन ते वापरणारा रुग्ण उभ्या युरोपात एकच निघाला, आणि २०१७ साली ते बाजारातून नाहीसे झाले. सिकलसेलवरील लेंटिव्हायरसचे औषध अमेरिकेत २०२३ साली ३१ लाख डॉलर किमतीला मान्य झाले. ते आणणारी कंपनी २०२५ साली खासगी भांडवली निधींना अल्प मोलाने विकली गेली. मिलानमध्ये लोकदेणग्यांच्या आधाराने विकसित झालेले स्ट्रिमव्हेलिस हे प्रतिकारशक्तीहीन बालकांवरील औषध २०१६ साली मान्य झाले. एका बलाढ्य कंपनीने ते दुसरीला दिले, दुसरीने २०२२ साली नफा नाही म्हणून हात झटकले. शेवटी इटलीतील टेलेथॉन ह्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने २०२३ साली त्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. औषध रामबाण असूनही बाजार त्याला टाकून देतो, आणि लोकसंस्था ते सांभाळते. सार्वजनिक क्षेत्र अकार्यक्षम असते, असे आपल्याला उठताबसता ऐकविणाऱ्यांनी ह्या उदाहरणाचा विचार करावा.

दोन कुलुपे

आता आपल्या देशाकडे वळू. २०२१ साली मुंबईतील एका लहान मुलीसाठी तिच्या आईवडिलांना सुमारे १६ कोटी रुपयांची लोकवर्गणी जमवावी लागली. केंद्र सरकारने सुमारे ६ कोटींचे आयातशुल्क आणि कर माफ केले, तेव्हा औषध आले. वर्गणी देणाऱ्या हजारो अनोळखी माणसांचा चांगुलपणा थोर आहे. परंतु ज्या मुलाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले आहेत, त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर कोण झळकविणार? २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाने मदतीची मर्यादा पुढे ५० लाख रुपयांपर्यंत वाढविली. १६ कोटींच्या औषधापुढे ५० लाख ही रक्कम कोठे पुरणार?

ह्याच रोगावर रिसडिप्लाम नावाचे, तोंडाने घेण्याचे औषधही आहे. ते आयुष्यभर घ्यावे लागते. त्याच्या एका बाटलीची भारतातील किंमत सुमारे ६ लाख रुपये होती. रोश कंपनीने पेटंटाच्या आधारे नॅटको ह्या भारतीय कंपनीला रोखू पाहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई नाकारली, २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला, आणि भारतीय औषध १५ हजार ९०० रुपयांच्या छापील किमतीला बाजारात आले. १९७० च्या पेटंट कायद्याची परंपरा २००५ च्या दुरुस्तीनंतरही पूर्णतः नष्ट झालेली नाही, ह्याचे हे चिन्ह आहे. २०१२ साली कर्करोगाच्या एका औषधावर सक्तीचा परवाना देण्यात आला, तेव्हाही महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ९ हजारांच्या आत आला होता.

मग असेच झोल्जेन्स्माचे का होऊ नये? कारण येथे कुलुपे दोन आहेत. गोळी हे रसायन आहे. पेटंटाचे कुलूप निघाले की कुशल रसायनतज्ज्ञ ते रसायन काही महिन्यांत घडवू शकतो. वाहक मात्र जिवंत पेशींतच तयार होतो. ठरावीक वाणाच्या पेशी टाक्यांत वाढवायच्या, त्यांच्यात तीन प्रकारचे जनुकतुकडे एकाच वेळी सोडायचे, तयार झालेले कण गाळून शुद्ध करायचे, रिकामी कवचे आणि भरलेली कवचे वेगळी करायची, आणि प्रत्येक खेपेची शक्ती मोजायची. ही कारागिरी पेटंटाच्या कागदात उतरलेली नसते. ती कारखान्यातील माणसांच्या हातात आणि कंपनीच्या गुप्त दप्तरात असते. उद्या पेटंट रद्द झाले तरी ज्या देशाकडे वाहक बनविण्याचे कारखाने आणि हात नाहीत, त्याच्या पदरी काही पडणार नाही. मार्क्सच्या परिभाषेत बोलायचे तर येथे वाहक हेच उत्पादनाचे साधन आहे. ज्याच्याकडे वाहक, त्याच्याकडे उपचार.

पिंपरी आणि परळ

हे साधन सार्वजनिक मालकीत ठेवणे अशक्य आहे काय? महाराष्ट्राचा इतिहास तरी तसे सांगत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन ह्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका छोट्या खोलीत लस तयार केली, १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे परळ येथील जुन्या राजभवनात सरकारी प्रयोगशाळा उभी राहिली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पेनिसिलिनची बुरशी टाक्यांतून वाढविणे ही त्या काळातील अत्यंत अवघड विद्या होती, आणि ती जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने एका नवस्वतंत्र, दरिद्री देशाने सार्वजनिक क्षेत्रात आत्मसात केली. त्या कारखान्याची पुढे झालेली दुर्दशा हा धोरणाचा परिणाम आहे. विद्या आपल्याला जमली नव्हती, असे कोणी म्हणू शकत नाही.

आजही चिन्हे आशादायक आहेत. मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा स्मारक रुग्णालयाने मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर पेशी-उपचार विकसित केला. रुग्णाच्या प्रतिकारक पेशींत लेंटिव्हायरसच्या वाहकाने जनुक घालून त्या कर्करोगावर सोडल्या जातात. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याला भारतात मान्यता मिळाली. अमेरिकेत अशा उपचाराला चार लाख डॉलरच्या आसपास पडतात. येथे तो सुमारे ३० ते ४० लाख रुपयांत, म्हणजे दहाव्या हिश्श्याच्या आसपास, उपलब्ध झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने तीव्र हिमोफिलियाच्या ५ रुग्णांवर लेंटिव्हायरसद्वारे उपचार झाले, आणि २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांचे रक्तस्राव थांबले. त्या वाहकात जनुक विशिष्ट जातीच्या रक्तपेशींतच जागे व्हावे अशी योजना होती. ह्याचा अर्थ असा की लक्ष्यवेधी वाहक वापरण्याचे कौशल्य आपल्या सार्वजनिक आणि सेवाभावी संस्थांत आहे.

परंतु ३० लाख रुपये म्हणजे तरी कोणाला परवडणारे? आणि सार्वजनिक संस्थेत जन्मलेला उपचार खासगी कंपनीमार्फतच लोकांपर्यंत गेला पाहिजे, हा नियम कोणी केला? अमेरिकेने १९८० साली कायदा करून सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची पेटंटे विद्यापीठांना घेऊ दिली आणि ती कंपन्यांकडे सोपविण्याची वाट खुली केली. आपल्याकडे तशाच धाटणीचे विधेयक २००८ साली राज्यसभेत आले आणि पुढे मागे घेतले गेले. पण व्यवहार त्याच वाटेने चालला आहे.

आक्षेप आणि उत्तर

ज्या जिल्ह्यांत बालके कुपोषणाने मरतात, क्षयरोग्याला नियमित औषध मिळत नाही, तेथे जनुकोपचाराची भाषा हा वरच्या वर्गाचा षोक नव्हे काय, असा प्रश्न मला विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिकच उत्तर दिले पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पैशाला कात्री लावून वाहकांचा कारखाना काढावा, असे मी म्हणणार नाही. पण सिकलसेल हा कोणाचा रोग आहे? महाराष्ट्रात तो गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, नंदुरबार, अमरावती येथील आदिवासींचा आणि विदर्भातील दलितांचा रोग आहे. २०२३ च्या जुलैत केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. त्यात ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट आहे. तपासणीचे कार्ड हाती पडले म्हणजे वेदना थांबत नाहीत. हायड्रॉक्सियुरियाची गोळी बाराही महिने उपकेंद्रात मिळावी, रक्तपेढी तालुक्याजवळ असावी, ही पहिली मागणी आहे आणि पहिलीच राहील.

ह्या मागणीचा लक्ष्यवेधी वाहकांच्या संशोधनाशी थेट संबंध आहे, तो असा. आजच्या पद्धतीत सिकलसेलच्या रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून, जहाल औषधांनी त्याची अस्थिमज्जा रिकामी करून, कित्येक आठवडे त्याला अद्ययावत रुग्णालयात ठेवावे लागते. वंध्यत्वाचाही धोका असतो. एटापल्लीच्या मजुराला हे परवडणे दूरच, पेलणेही कठीण. परंतु रक्तातून टोचलेला वाहक थेट अस्थिमज्जेतील मूलपेशींत जाईल असा घडविता आला, तर हाच उपचार एका इंजेक्शनाचा होऊ शकेल. ते उद्दिष्ट अजून दूर आहे. कर्करोगाच्या क्षेत्रात मात्र शरीरातच प्रतिकारक पेशी गाठणाऱ्या वाहकांच्या चाचण्या माणसांवर सुरू झालेल्या आहेत, आणि असे वाहक घडविणारी बेल्जियममधील एक छोटी कंपनी अ‍ॅस्ट्राझेनेकाने २०२५ साली १०० कोटी डॉलरपर्यंतच्या मोबदल्यात खरेदी केली. भांडवलाला ह्या विषयाचे महत्त्व पुरते कळलेले आहे. ज्या संशोधनामुळे हा उपचार ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्यात येऊ शकतो, तेच संशोधन कुंपणात घातले जात आहे.

आणखी एक सावधगिरी. आदिवासींच्या रोगावर संशोधन म्हणजे आदिवासींच्या देहावर प्रयोग, असे होता कामा नये. तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात २००९-१० साली मुलींना देण्यात आलेल्या लसीच्या प्रकल्पात वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या संमती म्हणून घेण्यात आल्या. २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. वाहक एकदा शरीरात गेला की परत काढता येत नाही, आणि प्रतिद्रव्ये तयार झाल्यामुळे तोच वाहक दुसऱ्यांदा देणेही सहसा शक्य नसते. म्हणून येथे संमतीचे मोल अधिक आहे. रुग्णाच्या भाषेतील लेखी माहिती, ग्रामसभेसमोर उघड चर्चा, दीर्घकाळ देखरेख आणि नुकसानभरपाईची हमी ह्यांविना एकही चाचणी होऊ देता कामा नये.

आपण काय मागावे?

माझ्या मते आपल्या पक्षाने चार मागण्या लावून धराव्यात. पहिली, सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे हक्क कंपनीला देताना किमतीची कमाल मर्यादा, उत्पादनखर्चाचा उघड हिशेब आणि अट मोडल्यास हक्क परत घेण्याचा अधिकार करारात असलाच पाहिजे. आणि असे करार विधिमंडळापुढे व संसदेपुढे ठेवले पाहिजेत. दुसरी, वाहकांच्या उत्पादनाचा सार्वजनिक कारखाना देशात असावा. परळच्या हाफकिन संस्थेचा किंवा पिंपरीच्या कारखान्याचा ह्यासाठी विचार का होऊ नये? त्या कारखान्यात वेल्लोर, मुंबई आणि इतरत्रच्या संशोधकांना चाचणीपुरते वाहक ना नफा तत्त्वावर मिळावेत, आणि तरुण तंत्रज्ञांचे हात तेथे तयार व्हावेत. तिसरी, पेटंट कायद्यातील सक्तीच्या परवान्याच्या तरतुदीसोबत उत्पादनाचे कसब हस्तांतरित करण्याची सक्ती जोडली जावी. नाही तर पहिले कुलूप उघडून दुसऱ्यापाशी आपण अडू. चौथी, खरेदी रुग्णाने करू नये, राष्ट्राने करावी. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२१ साली झोल्जेन्स्माची किंमत घासाघीस करून उतरविली, कारण सर्व रुग्णांच्या वतीने ती एकटी बोलत होती. ती किंमत मात्र गुप्त ठेवण्यात आली. आपण सामुदायिक खरेदीची मागणी करावी आणि त्या गुप्ततेला विरोध करावा.

शेवटी महाराष्ट्रातील एका ठरावाची आठवण देतो. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत झाला की सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्यांची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव कागदावर राहिला. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे महाडला चवदार तळ्यावर गेली, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्या संग्रामाची बरोबरी मी कशाशीही करीत नाही. जातीच्या अपमानाची तुलना औषधाच्या किमतीशी होऊ शकत नाही. पण त्या ठरावातील तत्त्व आपल्याला वारशाने मिळालेले आहे: जे सार्वजनिक पैशाने बांधले गेले, त्यावर हक्क सर्वांचा. ज्ञानाचे तळेही लोकांच्या पैशाने खोदले जात आहे.

ह्या वर्गातून परत गेल्यावर आपण आपल्या जिल्ह्यातील सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांची गाठ घ्यावी, त्यांना नियमित औषध मिळते की नाही ह्याची नोंद करावी, आणि त्या नोंदींसह ह्या चार मागण्या आपल्या आमदार-खासदारांपुढे मांडाव्यात, एवढीच माझी विनंती आहे. विषय अवघड आहे म्हणून तो सोडून देऊ नका. रुग्णाचे कुटुंब तो विषय सोडू शकत नाही.